खो-खोच्या मैदानाची माती

शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसाकडे जुन्याच गोष्टी उरतात, असा माझा समज होता. गावाच्या जमीन-समितीवर माझी निवड झाली आणि पहिल्याच बैठकीत तो समज कोसळला.

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, कळसच्या पुढे. गावाबाहेरचा कापडाच्या रंगांचा कारखाना बंद पडला, शेड निघाली. मातीत मुरलेली रसायने मात्र राहिली. ती माती स्वच्छ करून तेथे मुलींसाठी खो-खोचे मैदान करायचे होते. माझी विद्यार्थिनी सुनंदा त्यांना शिकवते. मुली रस्त्याच्या कडेला सराव करीत. उसाचा ट्रॅक्टर आला की खेळ थांबे. खो-खो अनवाणी खेळायचा, म्हणून माती निर्धोक हवी.

पहिल्या बैठकीत पुण्याच्या इंजिनिअर रेवती मॅडम म्हणाल्या, "वरचा थर काढून लांब नेऊन टाकावा लागेल."

शेजारचे ऊस-बागायतदार तात्या हादरले. "वरली माती? आमी ती इकत आणतो, मॅडम!"

*

थर निघाला. उरलेल्या मातीचे नमुने घ्यायला पथक यायचे होते. त्या सकाळी पाहते तो सगळीकडे शेणखत पसरलेले.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "तात्या, हे काय केलंत? आता नमुना मातीचा घ्यायचा की खताचा?"

"पावनं यायचं म्हनल्यावर जमीन उपाशी दाखवायची व्हय?"

पथक परत गेले. तात्यांनी स्वतःच ट्रॅक्टरने खत खरवडून काढले. चेहरा मात्र वाढलेले ताट कोणी परत पाठवल्यासारखा.

*

पुढे मॅडमनी तेथे सूर्यफूल लावले. ते मातीतले विष मुळांवाटे ओढून घेते. म्हणून त्याचे बी कोणी खायचे नाही, पाखरांनीसुद्धा नाही. राखण तात्यांकडे आली. त्यांनी बुजगावणे उभे केले. त्याला फिकट साडी, डोळ्यांवर चष्मा, हातात पट्टी.

मी विचारले, "तात्या, हे कोण?"

"कोन न्हाय, बाई. पन पाखरं ऱ्हाऊ द्या, पोरं बी फिरकली न्हाईत."

साडी नीट नेसवलेली नव्हती. मी निऱ्या पुन्हा घालून दिल्या.

*

फुले कापून नेली, पुन्हा तपासणी झाली, पुन्हा सूर्यफूल लावले. सुनंदाचा धीर सुटत चालला. "मॅडम, अशानं माझ्या पोरी लग्नाच्या होतील."

तात्या शांतपणे म्हणाले, "मग त्यांच्या लेकी खेळतील."

सुनंदा त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही.

*

अखेर माती निर्धोक ठरली. संध्याकाळी सारा गाव कुंपणापाशी जमला. मॅडमनी निकाल समजावून सांगितला, सुनंदाने शिट्टी फुंकली. एकही मुलगी आत जाईना. आयांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते.

"तुमचा कागद खरा आसंल," एका मुलीची आई शोभा म्हणाली, "पन तुमी सवता बूट घालून उभ्या हाय."

मॅडमनी खाली पाहिले. मग बूट काढले, मोजे काढले आणि त्या मैदानात चालू लागल्या. चार पावले गेल्या आणि "आई गं!" म्हणून खाली बसल्या.

आयांनी मुली मागे ओढल्या. सुनंदाचा चेहरा उतरला.

तात्या धावले. त्यांनी मॅडमचा तळवा हातात घेतला, काहीतरी उपटून काढले आणि उजेडाकडे धरले.

"सराटा हाय," ते म्हणाले.

"बघू," म्हणत शोभा आत गेली. तो काटा मग एका आईच्या हातातून दुसरीच्या हातात फिरत राहिला.

"सूर्यफूल आपन लावलं हुतं," तात्या म्हणाले. "ह्यो सवताच्या पायानं आलाय, म्हंजे जमीन जित्ती झाली."

आपापल्या मुलींना घेऊन आया घरी गेल्या.

सकाळी सुनंदा मैदानावर पोहोचली, तेव्हा आया रांगेत बसून खुरप्यांनी सराटे काढीत होत्या. ती घाईने आत शिरली.

शोभाने मान वर केली. "सुनंदाबाई, बुटं बाहेर काढा. पोरींचं मैदान हाय."