ओटा उजवीकडे होता

आमचं जुनं स्वयंपाकघर एवढंसं होतं, की एक बाई भाकरी थापत असली तर दुसरीनं दारातच उभं राहायचं. ती आत थापणारी बाई म्हणजे माझ्या सासूबाई. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात निंदण आणि कापूस वेचणी केलेली बाई. मुलगा सरकारी मंडल ऑफिसात नोकरीला लागला, आदिलाबादकडच्या इचोड्यात घर झालं, तेव्हा शेतातलं काम सुटलं आणि त्यांनी हे स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मी जवळच्या गावी मराठी शाळेत शिकवते. सकाळी आम्हा दोघांचे डबे त्याच भरून द्यायच्या.

मागची भिंत पाडून अंगणातलं टिनाचं शेड आत घ्यायचं आणि स्वयंपाकघर मोठं करायचं, असं आम्ही ठरवलं, तेव्हा त्यांना ते आवडलं नाही.

"हाये ते काय वाईट हाये?" त्या म्हणाल्या. "काऊन पाडून राह्यले तुमी?"

"दोघींना मिळून करता येईल, आई."

"मले नाई लागत कोनी सोबत."

म्हाताऱ्या माणसाला बदल नको असतो, असं आम्ही दोघंही समजलो.

काम सुरू झालं. मेस्त्रीनं आधी लोखंडी टेकू लावले होते, तरी घणाचा प्रत्येक घाव मला स्लॅबवर बसल्यासारखा वाटायचा. शाळेतून आले की चपला काढायच्या आधी मी छत पाहायची. एकदा एक बारीक रेघ दिसली आणि मेस्त्रीला हाक मारली. "नुसतं प्लॅस्टर आहे, टीचरम्मा," तो म्हणाला. माझं समाधान झालं नाही. समोरच्या रस्त्यावरून लोड भरलेला ट्रक गेला की खिडकीची काच वाजायची आणि मी वर बघायची.

माझं सगळं लक्ष छताकडे होतं. घरात दुसरंच काहीतरी बिघडत होतं.

गॅस आम्ही समोरच्या व्हरांड्यात, एका टेबलावर आणून ठेवला होता. धूळ उडायची म्हणून मी डबे रोज इकडून तिकडे हलवायची. आणि ज्या बाईच्या हातची भाजी कधी चुकली नव्हती, तिची भाजी अळणी होऊ लागली. एकदा वरणात मिठाऐवजी साखर पडली. यांनी घास घेतला आणि हसून म्हणाले, "माय, आज गोड जेवन काऊन?" सासूबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या विटांच्या ढिगाला अडखळल्या. "धूळ गेली डोळ्यात," म्हणाल्या. धूळ होतीच, म्हणून मीही पुढे विचारलं नाही.

मग एका रविवारी सकाळी मी व्हरांड्याच्या पायरीवर मेथी निवडत बसले होते. वरण शिजलं होतं. सासूबाईंनी पदरानं धरून वरणाचा गंज, ते उभं पातेलं, उतरवला, उजवीकडे वळल्या आणि अगदी सावकाश, बेतानं, तो हवेत ठेवला.

गंज हातातून निसटला नाही. त्यांनी तो ठेवला. जुन्या स्वयंपाकघरात उजवीकडे ओटा होता. इथे काही नव्हतं.

गरम वरण त्यांच्या पायावर सांडलं. मी धावले, बादलीतलं पाणी तांब्या तांब्यानं ओतत राहिले. हे आतून आले, मेस्त्रीचं काम थांबलं. पायाला फोड आले, पण जखम खोल नव्हती. सरकारी दवाखान्यातून मलम लावून आणलं, खाटेवर बसवलं. हे औषधं आणायला बाहेर गेले. मी दारात उभी राहिले. उजेड माझ्या तोंडावर होता. मी मुद्दाम काही बोलले नाही.

"कोन हाये?" त्यांनी विचारलं.

मला रडू आलं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आई, कधीपासून?"

त्यांनी पदराचा काठ चाचपला. "उजव्यानं तं कवाचं नाई दिसत. डाव्यानं धुकं दिसते. भगोण्यातल्या वाफेवानी."

"सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी मले गॅसपाशी जाऊ देल्लं असतं का?"

त्या एवढ्याशा खोलीत मिठाची बरणी कुठे, मिरचीचा डबा कुठे, गॅसचं कोणतं बटण कुठे वळतं, सगळं त्यांच्या हाताला पाठ होतं. भिंती हात लांब केला की लागायच्या. ते स्वयंपाकघर उभं होतं तोवर आमच्यापैकी कोणालाच काही कळलं नाही.

आदिलाबादच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, डाव्या डोळ्यात उरली आहे ती थेंबांनी टिकवता येईल. परतीच्या बसमध्ये सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. कापूस निघालेली शेतं मागे जात होती आणि त्या तिकडे तोंड करून होत्या. त्यांना काय दिसत असेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर यांनी निकाल देऊन टाकला. "आता माय गॅसपाशी जानार नाही. बस."

सासूबाई खाटेवर जाऊन बसल्या. जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही अर्धीच भाकरी खाल्ली. त्या भाजतील याची भीती मला होतीच, आता त्या खाटेवर बसून बसून विझून जातील याची भीती वाटू लागली. आमचं दोघांचं भांडण झालं. शेवटी ठरलं, की मी घरी असेन तेव्हाच त्यांनी गॅस पेटवायचा, एकट्या असताना नाही. जुना ओटा आणि गॅसची जागा हलवायची नाही, नवीन ओटा पलीकडे माझ्यासाठी. सासूबाईंनी एकच मागणी केली. ओट्याला कड पाहिजे, भांडं घसरायला नको. मेस्त्रीनं बोटभर उंच कड काढून दिली.

उन्हाळ्याच्या तोंडी काम पुरं झालं. पहिल्या सकाळी त्या भाकरी थापायला उभ्या राहिल्या आणि मी पलीकडे विळीवर कांदा चिरायला बसले. तवा तापला होता. त्यांचा हात तव्याकडे गेला की माझी विळी थांबायची.

"माह्या हाताकडं नको पाहू वं," त्या म्हणाल्या. "विळी हाये तुह्यासमोर."

शाळेतून मधल्या सुट्टीत मी रोज फोन करू लागले. एक दिवस त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला. अर्धी रजा टाकून निघाले. ऑटोत काय काय मनात आलं ते लिहवत नाही.

दार उघडंच होतं. सासूबाई नव्या खिडकीखाली पाटावर बसून लसूण सोलत होत्या. फोन खाटेवर उशीखाली होता. मी ओट्याला हात टेकला. चहाचं भगोणं गरम होतं. रेग्युलेटर पाहिला, नीट बंद होता.

"तू काऊन आली मधातच?"

"डोकं दुखत होतं."

त्यांना खरं कळलं असावं. मलाही कळलंच होतं, की गॅस त्यांनी एकटीनं पेटवला होता.

"अर्धा कप हाये त्यात," त्या म्हणाल्या. "गरम नको करू. तसाच घे."

मी तो उभ्या उभ्याच प्यायले. यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली तसा पुन्हा फोन लावला, आणि त्यांचा आवाज येईपर्यंत डबा उघडला नाही.