शेजारची जागा

जळगावात विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या दुकानात ती माझ्याआधी येऊन बसली होती. पारोळ्याकडची असावी. मांडीवर सात-आठ महिन्यांचा मुलगा होता, ओठ निळसर. तो गाढ झोपला होता, तरी तिचा गुडघा त्याला झुलवतच होता. मुंबईला त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं.

"जाताना मांडीवर चालेल, ताई," दुकानदार म्हणाला. "पण येताना त्याच्या छातीला टाके असतील. मांडीवर धरणं जमायचं नाही. त्याची वेगळी सीट घ्या, तिच्यावर बाळाची खुर्ची बांधता येते."



मला अर्धवट ठेवलेली कामं बघवत नाहीत. परतीचं तिकीट हातात आल्याशिवाय मी बॅग भरायला घेत नाही. कोणी विचारलं नसताना मी म्हणाले, "आत्ताच घेऊन टाका. नंतर शेजारची जागा मिळत नाही."

तिने बाळाचं टोपडं सारखं केलं.

"अक्का, डॉक्टर भरोसा देत नही," ती हळूच म्हणाली. "त्याना नावनी जागा लिधी आनि तो परत नही वना, ते त्या रिकामी जागाजोडे मी कशी बठसू?"

दुकानदाराने फक्त जाण्याचं तिकीट काढलं.

ती बाळाला घेऊन परतली की एकटीच, मला कळलं नाही. परवा मुंबईहून येताना माझ्या शेजारची जागा रिकामी होती. एरवी अशा जागेवर मी पर्स ठेवते. या वेळी ती जळगाव येईपर्यंत मांडीवरच धरली.