कुलूप लावून मी मेडशीला गेले

निहार, नैना, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही—तुमच्या बाबांनाही नाही. निहार, परवा तू नैरोबीहून फोनवर ओरडलास, "आजी, शिष्यवृत्ती मिळाली! तू मुलाखतीची तयारी करून घेतलीस म्हणून!" तेव्हापासून मला स्वतःचा इतका राग येतो आहे, की आता लिहायलाच हवं.

तुझ्याआधी इथे आसेगावात मी आणखी एकीची तयारी करून घेतली होती. प्रज्ञाची. आपल्या शेतात निंदायला येणाऱ्या सुमनची ही मुलगी. रोज संध्याकाळी यायची. हुशार? तुझ्यापेक्षा हुशार, निहार. परदेशी शिष्यवृत्तीच्या शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोचली. मुलाखत व्हिडिओवर होती. गावात वीज जाते, रेंज जाते. आपल्याकडे इन्व्हर्टर, वायफाय, शांत खोली. "इथूनच बोल," असं मीच म्हटलं होतं.

त्याच आठवड्यात तुझ्या शिष्यवृत्तीच्या पहिल्या अर्जाला नकार आला. आणि मला—कसं लिहू?—सहन होईना. माझ्या नातवाला नाही, आणि सुमनच्या मुलीला? जन्मभर वर्गात समता शिकवली मी. तरी मनात आलं ते हेच, याच शब्दांत.

मुलाखतीच्या सकाळी मी वायफाय बंद केलं—ते ओट्यापर्यंत पोचतं, हे मला ठाऊक होतं. कुलूप लावलं, सवयीने दोनदा ओढून पाहिलं, आणि एसटीने मेडशीला बहिणीकडे गेले. तिथे काय केलं? तुरीच्या शेंगा सोलल्या.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा आली.

"आजी, तुमी नव्हत्या, तं मी ओट्यावरूनच बोलली. रेंज येऊन जाऊन राह्यली होती. ते सायब हॅलो हॅलो करे, मी म्हणो, अहो, इथंच तं आहो! शेवटी कटलंच." हसली ती. मग म्हणाली, "काहून गेल्या होत्या?"

"बहीण आजारी होती."

"मंग बरं केलं. मुलाखत काय, पुढच्या साली देईन."

पुढच्या साली तिने अर्जच केला नाही. का, ते मी विचारलं नाही. एकदा तरी तिने माझ्याशी भांडावं असं वाटतं, आणि चीड येते—भांडणार कशावरून? तिला माहीतच नाही.

ती आता मानोऱ्याला शिकवणीवर्गात इंग्रजी शिकवते. गावी आली की ओट्यावर येऊन बसते. कुलूप तेच आहे. आणि ती मला अजून आजीच म्हणते.