पारावरचं बिनविरोध

आमच्या महागाव तालुक्यातल्या गावात निवडणूक पारावरच उरकायची. मारुतीसमोर पुरुषमंडळी बसायची, सरपंच ठरवायची, नारळ फुटायचा, पेढे वाटले जायचे; मग तहसीलला एकच अर्ज. बिनविरोध! काय कौतुक होतं आम्हाला त्या एकोप्याचं. गेल्या खेपेला माझ्या थोरल्या भावाचं नाव ठरलं. पेढे खाऊन घरी आलो, तर बायको म्हणते, "मीबी अर्ज भरून राह्यली."

माझी पाचावर धारण बसली. सख्ख्या भासऱ्याविरुद्ध, थोरल्या दिराविरुद्ध?

"तुले येड लागलं काय वं?"

"पारावर बाईले बसता येत नाही. मशीनवर नाव तं बसते!"

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी सकाळीच सगळा पार आमच्या अंगणात. पेपर वाचणारे आमचे काका पुढे झाले. "सूनबाई, अख्ख्या गावानं एकमतानं ठरवलं अन् तू एकटी मोडता घालून राह्यली. हे लोकशाहीविरोधी हाय." एवढा जाडजूड शब्द आमच्या अंगणात पहिल्यांदाच पडला. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊ मात्र खाली बघत उभा होता.

ती पदर सावरून दारात आली. "अख्खं गाव? मंग मले काहून इचारलं नाही? माह्या सासूले? तांड्यावरच्या बायायले? आमचं मत आमच्या आधीच कोणी देऊन टाकलं, तं त्याले काय म्हणता, काका? तुमचा शब्द चांगला हाय. पारावर घेऊन जा."

अरे बापा! भावाकडं बघायची हिंमत नव्हती आणि छाती फुगली होती, दोन्ही एकदमच. काका चप्पल शोधू लागले. अर्ज राहिला.

मतदानाला बाया नवी लुगडी नेसून आल्या. आमच्या आईनं तर रांगेत कोणाला पुढं घुसू दिलं नाही.

पडली ती. मला फार लागलं. तिनं तोंड धुतलं, डोक्यावर पदर घेतला आणि मला ओढत भावाच्या घरी नेलं. गुलालानं माखलेल्या त्याच्या पाया पडली.

"भाऊजी, आता तुम्ही निवडून आले. तवा नुसते नेमले होते."

भावानं तोंडावरचा गुलाल पुसला. मग वहिनीला चहा टाकायला सांगून म्हणाला, "पहिली ग्रामसभा पारावर नको. शाळेत घेऊ, तिथं बायाबी येतीन."