ठासणीची बंदूक आणि क्वीन्सटाउनचे कावळे

आमची ही गेली, त्याच्या दहाव्या दिवशी सकाळी आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये नोटीस लागली, की आज नऊ ते बारा कावळे मारण्यात येतील.

मी चौथीपर्यंत शिकलेला, इंग्रजी मला वाचता येत नाही. पण नोटिशीवर कावळ्याचं चित्र होतं आणि कावळ्यावर तांबडी फुली होती. तेवढं मलाही कळलं. मुलगा पिंडाचं ताट घेऊन शेजारी उभा होता. त्यानं नोटीस वाचली, परत वाचली, आणि ताट माझ्या हातात देऊन कपाळ पुसलं.

"बाबा, आज कावळे मारणार आहेत."

"कुणाचे?"

"कुणाचे काय, सगळेच. घाण करतात म्हणून लोकांनी तक्रारी केल्यात. बंदूकवाला माणूस येतो."

"आजच?"

"आजच."

लिफ्टमध्ये आमच्याबरोबर भटजी होता. खरा भटजी नव्हे. पुण्याचा पोरगा, तांजोंग पगारला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. त्याचे आजोबा याज्ञिकी करायचे, एवढ्या ओळखीवर मुलानं त्याला धरून आणला होता. अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेला, पँटीवर उपरणं, आणि मंत्र कॅसेटीवर. तो म्हणाला, "काका, घाबरू नका. कावळा नाही आला तर दर्भाचा करतात, त्याचा स्पर्श चालतो. शास्त्रात सोय आहे. मला फक्त एकला मीटिंग आहे."

मी म्हटलं, "गवताचा कावळा मला नको."

हे नव्वद सालानंतरचं सिंगापूर. मुलगा बोटींच्या इंजिनांवर कामाला, क्वीन्सटाउनला जुन्या सरकारी ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर राहायचा. दोन वर्षं आधी त्यानं आम्हा दोघांना कोकणातनं उचलून आणलं होतं. हिला इथं करमायचं. मला नाही. मला माझी बंदूक आठवायची.

ठासणीची बंदूक होती माझ्याकडे, शेतीच्या राखणीसाठी परवाना काढलेली. हल्लीच्या लोकांना काडतूस घातलं की झालं, एवढंच माहीत. ठासणीला एकेक बार हातानं भरावा लागतो. नळीच्या तोंडातनं आधी दारू ओतायची, वर काथ्याची गोळी, गजानं ठासायची, मग छर्रे, परत काथ्या, परत ठासायचं. मागे केप, ठिणगी पाडणारी टिकलीएवढी टोपी, बसवायची. एवढं करून एकच बार निघतो. चुकला तर डुक्कर तुमच्यासाठी थांबत नाही. चाळीस वर्षं मी भाताच्या आणि नाचणीच्या दिवसांत शेतातल्या माळ्यावर बसून रानडुकरं मारली, आणि चाळीस वर्षं ही म्हणत राहिली, "अहो, ती अवदसा घरातनं काढा."

तिला राग येण्यासारखं झालंही होतं. दारू मी बिस्किटाच्या डब्यात ठेवायचो. तिची मशेरीही तसल्याच डब्यात. दोन्ही काळं, दोन्ही भुकटी. एके दिवशी तिन्हीसांजेला घाईत मी उचलला तो डबा मशेरीचा. माळ्यावर बसून झकास बार भरला. डुक्कर आलं, वीस पावलांवर उभं राहिलं, मी चाप ओढला. केप फट्ट वाजली आणि पुढं काही नाही. डुकरानं माझ्याकडे बघितलं. मी डुकराकडे. मग ते नाचणी खात बसलं, माझ्यासमोर, पोटभर. मी तणतणत घरी आलो, तर ही चुलीसमोर बसून दारूनं दात घासत होती. म्हणाली, "आजची मशेरी खारट का हो लागते?" मी चुलीपासून तिला ओढून असं बाहेर आणलं, की शेजारच्यांना वाटलं मी मारतोय. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ते हेच, बंदूक विका.

मी नाही विकली. इकडे येताना पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली.

इस्पितळात शेवटच्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "विकलीत का हो?" काय ते मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "जमा आहे." तिनं तोंड भिंतीकडे केलं. खोटं बोललो असतो तर काय बिघडलं असतं? पण मला ते त्या वेळी सुचलं नाही, आणि संध्याकाळी ती गेली.

तेव्हा मी मनाशी धरलं होतं. दहाव्याला पिंडासमोर उभं राहायचं आणि मोठ्यानं सांगायचं की बंदूक सोडली, परवाना सोडला. मग कावळा शिवेल. तिची इच्छा कुठं अडकलीय ते मला एकट्याला माहीत होतं. मुलालाही सांगितलं नव्हतं. आणि इथं सरकारनं कावळ्यांवर फुली मारलेली.

ब्लॉकच्या मागं हिरवळीवर आम्ही पान मांडलं. मुलगा इकडेतिकडे बघत होता, कारण इथं कबुतराला दाणे टाकले तरी दंड होतो. भटजीनं टेपचं बटण दाबलं. मंत्र सुरू झाले आणि हळूहळू असे जाड आणि मंद होत गेले, की म्हशीला मंत्र म्हणायला लावल्यासारखं वाटलं. बॅटरी उतरली होती. मुलानं वर बघून हाक मारली, तशी सून छत्री काखेत मारून बॅटऱ्या घेऊन खाली आली. दहाव्याला बायका येत नाहीत, पण बॅटऱ्यांचं शास्त्रात काही नसावं.

तेवढ्यात ठो झालं.

झाडावर जे काय चार कावळे होते ते उठून गेले. कोपऱ्यावर नारिंगी जाकीट घातलेला एक म्हातारा चिनी उभा, हातात दुनळी. मी सुनेचं मनगट धरलं. "चल. तुला इंग्रजी येतं."

"बाबा, मी काय सांगू त्याला?"

"सांग, अर्धा तास थांब म्हणावं."

जवळ गेलो तसा तो ओरडला, "अंकल, गो बॅक! डेंजरस लाह!" इथली माणसं बोलण्याला शेपटी म्हणून लाह लावतात. मी त्याच्या बंदुकीकडे बघितलं आणि म्हटलं, "नळी कधी पुसतोस की नाही?" हे सुनेनं सांगितलं नाही. तिनं आपलं सांगितलं की सासूबाई वारल्या, आज दहावा, कावळ्यानं भात खायला हवा. म्हाताऱ्यानं टोपी काढली. बरंच बोलला. सून मला म्हणाली, "बाबा, ते म्हणतात त्यांच्यातही मेलेल्यांना जेवण ठेवतात. पण कावळा कशाला, असं विचारतायत. आणि तुम्हाला बंदुकीतलं कळतं का विचारतायत, तुम्ही सारखे नळीकडे बघताय म्हणून."

मला कळतं का! मी सुनेची छत्री घेतली, टोक वर करून उभी धरली आणि बार कसा भरायचा ते दाखवायला लागलो. सून सांगत होती. सून पुण्याची, तिच्या माहेरी पालीसुद्धा मारत नाहीत.

मी म्हटलं, "आधी दारू ओतायची."

सून म्हणाली, "फर्स्ट, ही पोअर्स व्हिस्की."

"व्हिस्की?" म्हातारा म्हणाला. "इन द गन?"

"मग काथ्या."

"देन कोकोनट."

"मग गजानं दणादणा ठासायचं. मग छर्रे. मग परत काथ्या. की डुकरावर सोडायचा."

"देन... ही हिट्स इट. देन स्मॉल बॉल्स. देन मोर कोकोनट. देन पिग कम्स, ही शूट्स."

म्हातारा माझ्याकडे, छत्रीकडे, परत माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं बंदूक उघडून काडतुसं काढली, खिशात टाकली, आणि गुडघ्यावर हात ठेवून हसला. "व्हिस्की, कोकोनट! लाइक पार्टी लाह! अँड द पिग, हाऊ? ड्रंक?"

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"डुक्कर झिंगतं का म्हणतायत."

"दारू म्हणजे ती दारू नव्हे गं!"

"मग कुठली?" सून म्हणाली. तिचे ओठ थरथरत होते, आणि मला कळेना ही हसतेय की रडतेय. दहा दिवसांत पोरगी हसली नव्हती. मी म्हटलं, "असू दे. तीच."

म्हाताऱ्यानं हातातलं घड्याळ दाखवलं, कॉफीच्या टपरीकडे बोट केलं, दहा आणि पाच बोटं दाखवली. पंधरा मिनिटं. माझ्या खांद्यावर थाप मारून तो गेला.

मी धावतच पानापाशी आलो. धाप लागली होती. भटजी म्हणाला, "काका, वेळ कमी आहे. ज्यांच्या मनात काही असेल त्यांनी बोला." मुलगा पुढं झाला. मी त्याला बाजूला केलं. "आधी मी."

दहा दिवस मी पाठ केलं होतं. बंदूक सोडली, परवाना सोडला, तू म्हणालीस ते बरोबर होतं. शेवटचं वाक्य बोलायला जड होतं, म्हणून ते जास्त वेळा पाठ केलं होतं. हात जोडले, घसा खाकरला, आणि म्हटलं, "अगं..."

कावळा उतरला. सरळ पानावर. पिंडाला चोच मारली, भाताचा मोठा गोळा उचलला आणि उडाला.

"शिवला!" मुलगा म्हणाला आणि मटकन खाली बसून रडायला लागला. भटजीनं टेप बंद केली. "वा! एवढ्या लवकर शिवलेला मी बघितला नाही. काकूंची काही इच्छा राहिली नव्हती हो."

"नव्हती?" मी म्हटलं. "अरे, मी अजून काही बोललोच नाही!"

"गरजच पडली नाही ना."

मला असा राग आला की काय सांगू. चाळीस वर्षं रोज ऐकलं. एकदा कुठं कबूल करायला उभा राहिलो, तर ऐकायला थांबली नाही. तोंड भिंतीकडे केलं ते कशासाठी मग? पाठ दुखत होती म्हणून? मी दहा दिवस जेवलो नव्हतो धड.

एक आल्यावर बाकीचे आलेच. पाच-सहा कावळे पानावर भांडायला लागले. आणि तिकडनं तो म्हातारा कॉफी पिऊन परत. मुलाचे डोळे पुसलेले बघून त्यानं अंगठा वर केला, ओके? मुलानंही केला. त्यानं काडतुसं घातली आणि दुनळी उचलली.

मी मध्ये जाऊन उभा राहिलो. आयुष्यात जनावर आणि नळी यांच्यामध्ये कधी उभा राहिलो नव्हतो. मुलगा ओरडला, सून ओरडली, म्हाताऱ्यानं घाईघाईनं नळी आभाळाकडे केली.

"तो नको!" मी म्हटलं. "त्याला सांगा, तो सोडून दुसरा मार."

सुनेनं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "विच वन?"

मी वळून बघितलं. सगळे काळे. सगळे भात खात होते.

"अंकल," म्हातारा म्हणाला, "ऑल सेम लाह." मग त्यानं बंदूक उघडून काडतुसं काढली, ती बगलेत घातली आणि पलीकडच्या ब्लॉकला निघून गेला.

तेव्हा मी त्या कावळ्यांसमोर उकिडवा बसलो. कुठला तो कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच सांगितलं. बंदूक सोडली, परवाना सोडला, तू म्हणालीस ते बरोबर होतं. एकानंही मान वर केली नाही. भटजी म्हणाला, "काका, आता याची आवश्यकता नाही." मी म्हटलं, "तू जा तुझ्या मीटिंगला."

दुपारी जेवणं झाल्यावर मुलाला कागद घेऊन बसवलं आणि गावच्या पोलीस ठाण्याच्या नावानं अर्ज लिहायला सांगितला, की जमा असलेली ठासणीची बंदूक आता परत नको. त्यानं लिहिलं, आणि मग थांबला.

"कारण लिहावं लागेल, बाबा."

"लिही, बायको वारली."

"ते कारण होत नाही. डोळ्यांनी दिसत नाही, शेती करत नाही, असं काहीतरी लागतं."

"मला दिसतं. लिही मी सांगतो ते."

त्यानं लिहिलं. मी सही केली. माझी सही मोठी येते, कागद पुरला नाही, शेवटचं अक्षर मागच्या बाजूला गेलं.