चुन्याच्या रेघेवरची धाटं

वजनकाट्याच्या झोळीत पोरगी लटकत होती आणि रडत नव्हती. झोळीत घातलं की सगळी पोरं बोंब मारतात. हिची मान एका बाजूला कलली होती. सलग तिसऱ्या महिन्याला काटा खाली आला होता.

"आत्ताच्या आत्ता शिरूरला दवाखान्यात ने," मी तिच्या आईला म्हणाले.

ती हसली. "कशाला, आत्या? कार्डावर लाल ठिपका हाय की. तिन्ही महिनं लालच."

ते ठिपके मीच दिले होते. वजन घटतंय हे तोंडानं सांगितलंही होतं. तिनं छापील कार्ड खरं मानलं, मला नाही. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे धोका, असं वर बसून कुणीतरी ठरवलेलं. आमच्याकडं हिरवा चुडा, पिवळी हळद, लाल कुंकू. यात बाईनं घाबरायचं कशाला?

मी कवठे येमाईजवळच्या आमच्या गावात अंगणवाडीची मदतनीस. शाळा चौथीपर्यंत. सेविका बाळंतपणाला दौंडला माहेरी गेलेली, म्हणून काटा माझ्या गळ्यात पडला होता.

मी खडूनं फरशीवर तीन महिन्यांच्या तीन भाकरी काढल्या. जास्त वजनाला मोठी, कमी वजनाला लहान.

"तिन्ही सारख्याच हायेत. तुमचा हातच वाकडा, आत्या."

खरं होतं. अर्ध्या किलोचा फरक गोलात मलाही दिसेना.

अंगणवाडीमागं बाजरीचं सरमाड, गुरांचा वाळला चारा, पडलं होतं. त्यातली धाटं आणली. किलोला चार बोटं. "तुझ्याच बोटांनी मोज, तूच मोड." मी कार्डावरचा महिन्याचा आकडा वाचला, तिनं मोडलं. भिंतीशी चुन्याची रेघ ओढली आणि तीन धाटं तिच्यावर शेजारी शेजारी उभी केली. तिनं ती अदलाबदल करून बघितली, पुन्हा होती तशी लावली.

नजर लागते म्हणून आमच्याकडं पोराचं वजन दुसरीला कुणी सांगत नाही. तरी ती म्हणाली, "शेजारणीच्या पोराची लावा."

लावली. ती चढत गेली होती, हिची उतरत.

"कोकरू असतं तर पाठीवरनं हात फिरवून कवाच वळखलं असतं," एवढंच म्हणाली, पोरगी उचलली आणि मिळेल त्या जीपनं शिरूरला गेली.

पोरगी दवाखान्यात असतानाच सुपरवायझर मॅडम आल्या. तोवर बाकीच्या आयांनीही धाटं मोडून भिंतीला लावली होती.

"हा कचरा कसला? काढा आधी. कार्ड आहे ना?"

"कार्ड तुम्हाला कळतं, मॅडम. पोरं तुमची न्हाईत."

"चौथी शिकून मला शिकवता?"

"व्हय. काढायचं तर तुम्ही काढा, मी हात लावणार न्हाई. आन् त्या बायांना कारण तुम्हीच सांगा."

दारात बाया उभ्या होत्या. मॅडमनी वही मिटली. माझ्याविरुद्ध अर्ज केला म्हणे. करू दे.

पुढच्या महिन्यात झोळीत घातल्या घातल्या पोरगी किंचाळली. मी आकडा वाचला न वाचला तोच आईनं चौथं धाट मोजून मोडलं. तिसऱ्यापेक्षा तीन बोटं उंच.

ती पोरगी जगली.