सबनीस मॅडम आणि न कापलेलं पान

मला पहिल्यांदा तोंडावर खोटारडी म्हणणाऱ्या सबनीस मॅडम काल गेल्या.

दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या शाळेच्या त्या लायब्रेरियन. बारावीचे पेपर संपले, की कॉलेजला जाणाऱ्या आम्हा आठ-दहा जणांना महिनाभर शिकवायच्या.
विषय एकच. छापलेलं आहे म्हणून खरं मानायचं नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. रोज काहीतरी नवं उघडत होतं. गुडगावचे प्लॉट, नोएडातल्या इन्स्टिट्यूट, केबलची चॅनेलं.
मॅडमना सगळ्याचाच संशय. रंगीत ब्रोशर हातात आलं, की त्यावर पेन्सिलने लिहायच्या, "कोण म्हणतं? त्याला कसं कळलं?"

महिन्याच्या शेवटी चार पानांचा निबंध. कुठली माहिती कुठून घेतली, ते पुस्तक आणि पान नंबरासकट लिहायचं. तो पटला तरच त्या ऑनर्सच्या इंटरव्ह्यूसाठी पत्र देणार.
मला इतिहास हवा होता आणि टक्के जेमतेम. पत्राशिवाय काही खरं नव्हतं.

मी हिंदूराव हा विषय घेतला. रिजच्या टेकडीवरचं हॉस्पिटल ज्याच्या नावाने आहे, तो ग्वाल्हेरहून आलेला आपला माणूस. तिथला बंगला त्यानेच बांधला, असं ठोकून दिलं. खाली एका जुन्या इंग्रजी पुस्तकाचं नाव, पान नंबर.

मॅडमनी ते पुस्तक कपाटातून काढलं.

"हे पान वाचलंस?"
"हो मॅडम."

त्यांनी पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. पानांच्या कडा प्रेसमधून आल्या तशाच जोडलेल्या. ते पान आजवर कुणी उघडलंच नव्हतं.

रागावल्या, की त्या माझ्याशी मराठीत बोलायच्या. बाकीच्या मुलांना कळू नये म्हणून.

"खोटारडी आहेस, मेधा."
"पण मॅडम, बंगला त्याने बांधला हे तुम्हीच सांगितलं होतंत. पान नंबरसुद्धा तुमचाच."

त्यांनी टेबलावरची फूटपट्टी घेतली.
पान कापलं आणि वाचलं. बंगला एका इंग्रज अधिकाऱ्याने बांधला होता. हिंदूरावने तो नंतर घेतला.

दिल्लीतल्या आमच्या मराठी घरांतून मात्र तो हिंदूरावनेच बांधला, असं सगळे अभिमानाने सांगत. पुस्तक उघडून बघितलं कुणीच नव्हतं.

"माझ्यावर विश्वास ठेवायला कुणी सांगितलं होतं तुला?"

आणि मग वर्गाकडे वळून, हिंदीत, "गलती मेरी भी है. ये पन्ना मैंने भी नहीं पढ़ा था."

मी निबंध पुन्हा लिहिला. पत्र मिळालं. त्यात दोनच वाक्यं होती. हिने पहिल्यांदा न वाचता लिहिलं. दुसऱ्यांदा वाचून लिहिलं.
इंटरव्ह्यू घेणारे सर हसले. अ‍ॅडमिशन झाली.

मला अजून संशय आहे. पान जोडलेलं आहे हे त्यांना आधीच ठाऊक असणार. मुद्दाम चुकीचं सांगून कोण फसतंय ते बघत बसल्या असतील.
पण त्या दिवशी पान वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि तेच पान पुन्हा वाचलं. तेही मी पाहिलंय.

इतकी वर्षं बातम्या केल्या, लोकांना नको नको ते प्रश्न विचारले. हा एक त्यांना विचारायचा राहिला.

मॅडम, वरचं सगळं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे.
तुम्ही गेल्याचं मात्र फॉरवर्ड आलं. खोटं असेल म्हणून तुमच्या मुलाला फोन केला.

खरं आहे.

नमस्कार, मॅडम.